गाठ खयची?

रिपोर्ट घ्यायला आलेलं माणूस पाकीट उघडायच्या आधीच विचारतं, "मॅडम, कॅन्सर आसा काय नाय, तां सांगा." प्रश्न रास्तच आहे. आठ दिवस त्या घरात कुणी धड जेवलेलं नसतं. मी कुडाळला पॅथॉलॉजिस्ट आहे. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कणकवलीकडच्या दवाखान्यांत काढलेल्या गाठी आणि तुकडे तपासणं हे माझं रोजचं काम. या प्रश्नाचं उत्तर मी आधी देते, सरळ देते, आणि मग म्हणते, बसा, अजून एक गोष्ट सांगायची आहे.

एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपण पहिल्यांदा काय विचारतो? "तुमी खयचे?" नाव, धंदा, पोरंबाळं सगळं नंतर. गाठीलाही मी पहिल्यांदा तेच विचारते. कुठल्या ऊतीतली, कुठल्या पेशीची? साधी की कॅन्सरची हे त्याच्या जोडीनेच ठरतं, पण मूळ कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट ठरत नाही. पेशंटला, निदान त्याच्याबरोबर आलेल्या एका तरी माणसाला हे समजावं असं मला मनापासून वाटतं. काउंटरवर उभ्या उभ्या ते सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

जठराचंच घ्या. एंडोस्कोपीत जठरात गाठ दिसली आणि तुकडा माझ्याकडे आला. ती अस्तरातल्या ग्रंथींतून उगवली असेल तर तो अ‍ॅडिनोकार्सिनोमा. ऑपरेशन आणि केमोथेरपी हा त्याचा रस्ता. तीच गाठ लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची असेल तर तो लिंफोमा, आणि तिथे बहुतेक वेळा पोट उघडावंच लागत नाही. त्यातही माल्ट नावाचा एक सावकाश वाढणारा प्रकार हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या आधाराने तग धरतो. जंतू मारायला अँटिबायोटिक गोळ्यांचा कोर्स दिला की कित्येक पेशंटांत गाठच विरून जाते. तिसरी शक्यता जिस्टची. जठराच्या भिंतीत आकुंचन-प्रसरणाचा ताल सांभाळणाऱ्या काहाल पेशी असतात, त्यांच्या वंशातली ही गाठ. कितीतरी वर्षं ती स्नायूची गाठ म्हणूनच ओळखली जायची. १९९८ साली जपानी संशोधकांनी तिच्यात किट नावाच्या जनुकाचा बिघाड दाखवला, आणि त्यानंतर काही वर्षांतच इमॅटिनिबची गोळी तिला लागू पडली. जुन्या केमोथेरपीला ती जवळपास दाद देत नव्हती. अवयव एकच, तीन वेगळ्या गाठी, आणि उपचार तीन दिशांना. नुसतं "कॅन्सर आहे" एवढंच मी लिहून दिलं, तर पुढच्या डॉक्टरांनी काय करायचं?

ऊती चार, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. गाठींचं सगळं वर्गीकरण त्याच पाठावर उभं आहे. अभिस्तर म्हणजे शरीराची आतली-बाहेरची अस्तरं आणि त्यांच्यापासून झालेल्या ग्रंथी. त्वचा, तोंड, आतडं, फुप्फुसाच्या नळ्या, स्तनातल्या दूधनळ्या हे सगळं त्यात आलं. यांतून होणारा कॅन्सर तो कार्सिनोमा. चरबी, हाड, कूर्चा, स्नायू, रक्तवाहिन्या यांतून होणारा तो सार्कोमा. रक्तपेशींच्या घराण्यातले ल्युकेमिया, लिंफोमा, मायलोमा. मेंदूतल्या आधारपेशींचा ग्लायोमा. बीजपेशींच्या गाठी अगदीच वेगळ्या, त्यांच्याकडे नंतर येते. मोठ्या माणसांत कार्सिनोमाच फार, सार्कोमा विरळा. अस्तराच्या पेशी सारख्या झिजतात आणि नव्या होतात, शिवाय तंबाखू, धूर, ऊन यांचा मारा पहिल्यांदा त्यांच्यावरच होतो.

आपल्या आडनावांत गाव असतं. तीन पिढ्या गिरगावात किंवा परळला काढलेला चाकरमानीही आडनावाने मूळ गावचाच राहतो. कॅन्सरच्या पेशीचं हेच असतं. स्तनातली पेशी रक्तातून यकृतात गेली, तिथे वाढली, तरी तो यकृताचा कॅन्सर होत नाही. तिची ठेवण, तिच्यातली प्रथिनं, तिला लागू पडणारं औषध, सगळं स्तनाचंच. हे एकदा लक्षात आलं की "आधी छातीत होता, आता लिव्हरचा पण कॅन्सर झाला" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी का थांबवते ते कळेल. दोन कॅन्सर नाहीत, एकच आहे, फक्त त्याने दुसरीकडे बस्तान मांडलं आहे.

आडनावाचा विषय निघाला म्हणून सांगते, आमच्या या विद्येतलं भारतातलं फार मोठं नाव आहे डॉ. वसंत रामजी खानोलकर. खानोली हे आपल्या वेंगुर्ले तालुक्यातलं गाव. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथली पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकारी डॉक्टरांबरोबर भारतातल्या चालीरीती आणि कॅन्सर यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. धोतर कमरेला घट्ट कसून जिथे वर्षानुवर्षं घासतं तिथल्या त्वचेला होणारा कॅन्सर त्यात आहे. कुठल्या पेशीला, कुठल्या जागी, कशामुळे, असा विचार तेव्हापासून आपल्या मातीत चालू आहे. त्याच्याही मागे गेलं तर १८३८ सालचं योहानेस म्युलर यांचं काम. गाठीसुद्धा पेशींच्याच बनलेल्या असतात हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. त्यांचे शिष्य रुडॉल्फ फिरखो यांनी १८५८ साली प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच होते हा विचार ग्रंथरूपात मांडला. मात्र कार्सिनोमा संयोजी ऊतीतून उगवतो असं फिरखोंना वाटत होतं. तो अस्तराच्या पेशींतून येतो हे १८६० च्या दशकात थिअर्श आणि वाल्डायर यांनी दाखवून दिलं. एवढ्या थोर माणसाला जे मूळ सापडलं नाही ते आज तालुक्याच्या गावातल्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता ते कसं सापडतं ते एकदा जवळून दाखवते. किनाऱ्यावरच्या एका वस्तीतल्या साठीच्या आजी. लहानपणापासून मिशरी लावायची सवय, गालाच्या आत न भरणारी जखम. दातांच्या डॉक्टरांनी कडेचा तुकडा काढून फॉर्मलीनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, पाठवला, मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा. रात्रभरात त्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरलं, मेणाच्या ठोकळ्यात तो बसवला, आणि मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या काढल्या. त्या एकमेकींना चिकटून रिबन बनते, ती कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायची. मग रंग. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं, ते केंद्रकं निळी-जांभळी करतं. इओसिन बाकीचं सगळं गुलाबी करतं. शंभर वर्षांहून जास्त काळ हेच दोन रंग चालत आले आहेत.

निरोगी गालाचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली फार शिस्तीचं दिसतं. तळाशी गडद, उभट पेशींची एक रांग, वर सरकत जाल तशा पेशी पसरट होत जातात. तळाच्या रांगेखाली एक अतिशय पातळ पडदा, आणि त्याच्या पलीकडे संयोजी ऊती. आजींच्या तुकड्यात एका टोकाला ही शिस्त होती. सरकत गेलं तसं केंद्रकं मोठी आणि काळपट झालेली, एकासारखी एक नाही, आणि विभाजन होणाऱ्या पेशी पार वरच्या थरात चढलेल्या. नुसतं इथवर असतं तर मी डिस्प्लेशिया लिहिलं असतं, किंवा संपूर्ण जाडी बिघडलेली असती तर इन सिटू; म्हणजे पेशी बिघडल्या, पण पडदा शाबूत. पुढच्या मिलिमीटरमध्ये पडदा फुटलेला होता. अस्तराच्या पेशींचे पुंजके खाली संयोजी ऊतीत उतरले होते, आणि त्यांच्या मधोमध केरॅटिनची गुलाबी वर्तुळं, ज्यांना आम्ही केरॅटिन पर्ल म्हणतो. इतक्या बिघडलेल्या पेशीही आपल्या घराण्याचं काम विसरल्या नव्हत्या. त्वचेसारखं केरॅटिन बनवत होत्या. त्यावरूनच त्यांचं मूळ ओळखायचं. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या पसरट पेशींचा कॅन्सर; वेल डिफरन्शिएटेड, म्हणजे मूळ रूप बरंचसं राखलेला. मूळ पेशीशी जितकं साम्य उरलेलं, तितकी ग्रेड खालची.

मिशरी, तंबाखू, सुपारी यांमुळे आपल्याकडे तोंडाचे तुकडे मला सतत बघावे लागतात. माझ्या माहेरी पोफळीची बाग आहे. सुपारी सोलायला बसणाऱ्या बायकांच्या गप्पांत माझं बालपण गेलं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं कौतुक कोकणात कुठेही गेलं तरी ऐकू येतं. तरीही लिहायलाच हवं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाच, तंबाखू न घातलेल्या सुपारीला, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीने तोंडातलं अस्तर पातळ होतं, खालची संयोजी ऊती कडक पट्ट्यांसारखी होते, तोंड उघडेनासं होतं. दोन बोटंही आत न जाणारी विशी-पंचविशीतली पोरं मी बघते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तरी त्या पोरांना तो मिळतोच.

दातांच्या डॉक्टरांना इथे एक हात जोडून विनंती. व्हेरुकस कार्सिनोमा नावाचा एक प्रकार कोबीच्या गड्ड्यासारखा बाहेरच्या बाजूने वाढतो, आणि त्याच्या पेशी दिसायला जवळपास साध्या असतात. तो ओळखायचा तर तळ लागतो. वरवरचा तुकडा आला तर मला साध्या चामखिळीपेक्षा तो वेगळा काढता येत नाही. तुकडा खोल घ्या.

मग साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ यांत फरक काय? अस्तराची साधी गाठ पॅपिलोमा, ग्रंथीची साधी गाठ अ‍ॅडेनोमा. साधी गाठ बहुधा सावकाश वाढते, आजूबाजूच्या ऊतींना बाजूला सारते, अनेकदा स्वतःभोवती वेष्टण करून राहते. कॅन्सर शेजाऱ्यात घुसतो आणि दूर जाऊन वसू शकतो. बाकी केंद्रकाचा आकार, रंग, विभाजनं हे सगळं मी बघते, पण शेवटी घुसखोरी हाच मोठा पुरावा. थायरॉइडमध्ये हे फार टोकाला जातं. फॉलिक्युलर अ‍ॅडेनोमा आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा या दोहोंच्या पेशी अगदी सारख्या दिसू शकतात. फरक एवढाच की कार्सिनोमात पेशींनी वेष्टण किंवा रक्तवाहिनी फोडलेली असते, साध्या गाठीत नसते. म्हणून सुईने काढलेल्या चार पेशींवरून, म्हणजे एफएनएसीवरून, हे सांगता येत नाही. "सुई टाकली, पैसे घेतले, आणि आता म्हणता गाठ काढल्यावर कळेल?" असं एका गृहस्थांनी मला चिडून विचारलं होतं. त्यांच्या पत्नीची गाठ आल्यावर तिचं वेष्टण मी कडेने तुकडे करत सगळंच्या सगळं तपासलं. कुठेही फुटलेलं नव्हतं. अ‍ॅडेनोमा.

साधी म्हणजे बिनधोक असंही नाही. गर्भाशयातला फायब्रॉइड ही गुळगुळीत स्नायूची साधी गाठ, लिओमायोमा. कापली की पांढरी, टणक, आत भोवरे भोवरे. ती कॅन्सर होऊन मारत नाही, पण महिन्यामागून महिने रक्त जाऊन हिमोग्लोबिन पाचवर आलेल्या, अंगणही झाडताना धाप लागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कवटीत मेंदूच्या आवरणावर वाढलेला मेनिंजिओमा बहुतेकदा साधा असतो, पण तिथे जागाच नाही. उलट चेहऱ्यावरचा बेसल सेल कार्सिनोमा नावाने कॅन्सर असूनही दूर पसरणं अगदी क्वचित. मात्र हयगय केली तर नाक-डोळा कुरतडत जातो.

सार्कोमाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे आपल्याकडे फार हानी होते. एक बागायतदार, पन्नाशीचे, मांडीत खोलवर गाठ. ती एका ठिकाणी काढली गेली. "चरबीचीच गाठ म्हणान सांगल्यानी आणि टाकून दिल्यानी," असं त्यांची पत्नी म्हणाली. तपासायला पाठवलीच नाही. दोनेक वर्षांत ती तिथेच पुन्हा वाढली आणि या वेळच्या सर्जननी ती माझ्याकडे पाठवली. लांबी वीस सेंटिमीटर. कडांना काळी शाई लावून, म्हणजे कापलेली कड नंतर काचेवर ओळखता यावी म्हणून, मी ती उभी चिरली. बरीचशी पिवळीधमक, हाताला चरबीच लागणारी. पण मधून मधून पांढरट पट्टे गेलेले. नवशिक्याने पिवळ्या भागातून तुकडे घेतले असते तर लायपोमा म्हणून रिपोर्ट गेला असता. मी पट्ट्यांतून घेतले. त्या पट्ट्यांत मोठी, वेडीवाकडी, शाई सांडल्यागत काळी केंद्रकं होती. वेल डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा. खात्रीसाठी मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, मुंबईला पाठवून या कॅन्सरची खूण असलेल्या एमडीएम२ जनुकाच्या जादा प्रती आहेत का ते बघून घेतलं, होत्या. हा प्रकार सहसा दूर पसरत नाही, पण राहिला तर पुन्हा पुन्हा येतो, आणि कधी जास्त आक्रमक रूप घेतो. पहिल्याच खेपेला तपासणी झाली असती तर तेव्हाच कडेपर्यंत नीट काढता आली असती. ते आता बरे आहेत, वेळेवर तपासणीला जातात. पण दुसऱ्या ऑपरेशनात मांडीचा केवढा तरी स्नायू गेला, आणि माडावर चढायचं कायमचं बंद झालं.

कातडीखालची, हलणारी, वर्षानुवर्षं तेवढीच असलेली चरबीची गाठ लायपोमाच असते, तिला घाबरू नये. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल, किंवा वाढत जाणारी असेल तर चाकू लावण्याआधी एमआरआय आणि बायोप्सी व्हायला हवी. आणि काढलेली गाठ, कुठलीही, कितीही साधी दिसो, तपासायला गेलीच पाहिजे. तपासणीचे पैसे वाचवायला म्हणून गाठ फेकली जाते तेव्हा मला फार राग येतो. पेशंटने विचारावं, "माझी गाठ कुठे पाठवलीत?" विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

हल्ली पोरं रिपोर्टवरचं नाव मोबाइलवर टाकून बघतात. बघू देत. पण शेवटी ओमा आलं की साधी गाठ, असा एक समज त्यातून पसरतो. लायपोमा साधा, पण मेलानोमा हा त्वचेच्या रंगपेशींचा अत्यंत घातक कॅन्सर. लिंफोमा, मायलोमा, मेसोथेलिओमा, सेमिनोमा हे सगळे कॅन्सरच. दुसऱ्या बाजूला ग्रॅन्युलोमा ही गाठच नव्हे, तो दाह आहे. मानेतल्या गाठीचा तुकडा येतो, घरचे रडवेले झालेले असतात, आणि मला त्यात केसिएशन झालेले, म्हणजे मधोमध चीजसारखी मेलेली ऊती असलेले ग्रॅन्युलोमा दिसतात. म्हणजे बहुधा टीबी. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, कोर्स पुरा केला की पेशंट बरा होतो. टीबीची बातमी सांगताना समोरच्याला इतका आनंद झालेला दुसऱ्या कुठल्या खात्यात बघायला मिळत असेल का, कोण जाणे.

नावापुढे मी एक कोडही टाकते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रत्येक गाठीला चार आकडी क्रमांक असतो, तो पेशीचं मूळ सांगतो, आणि तिरक्या रेघेनंतरचा एक आकडा वागणूक सांगतो. ० साधी, १ अनिश्चित, २ इन सिटू, ३ कॅन्सर. लायपोमा ८८५०/०, लायपोसार्कोमा ८८५०/३. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका ओळीत.

आता बीजपेशी. अंडाशयातली डर्मॉइड गाठ ज्याने एकदा कापलेली पाहिली तो ती विसरत नाही. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीची होती. बाहेरून गुळगुळीत, पांढुरकी पिशवी; चिरली तर आत तुपकट पिवळा ऐवज आणि त्यात गुंतलेला केसांचा पुंजका. भिंतीला एका जागी उंचवटा, त्यात चक्क एक दात, नीट इनॅमल असलेला. तिच्या आईने ऑपरेशन थिएटरबाहेर हे पाहिलं होतं आणि कुणीतरी तिच्या डोक्यात करणीचं भरवलं होतं. "मॅडम, ह्या खयसून इला?" ती माझ्याकडे येऊन विचारत होती, आणि मला वाटलं, बाईने अगदी नेमका प्रश्न विचारला. तिला बसवून सांगितलं की अंडाशयातल्या बीजपेशीत अख्खं शरीर बनवायची क्षमता असते. कधी ती पेशी गर्भ नसताना, आपली आपणच वाढायला लागते, आणि कातडी, केस, दात, कूर्चा, कधी थायरॉइडची ऊतीसुद्धा अस्ताव्यस्त बनवते. टेराटोमा म्हणतात. तिच्या मुलीच्या गाठीतल्या सगळ्या ऊती पक्व होत्या, म्हणजे साधी गाठ. अपक्व चेता ऊती सापडली असती तर गोष्ट वेगळी, आणि म्हणूनच अशा गाठीचे मी बरेच तुकडे घेते. तरण्या पुरुषाच्या वृषणात मात्र अशीच पक्व दिसणारी गाठ कॅन्सर म्हणूनच धरावी लागते. पेशी तीच, पण बाई की पुरुष, आणि वय काय, यावर तिचं वागणं बदलतं. फॉर्मवर वय न लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कधी कधी मात्र गाठीला विचारून विचारून उत्तर येत नाही. पेशी इतक्या बिघडलेल्या असतात की मूळची कुठलीच खूण राहत नाही. मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी लागते. त्यासाठी ब्लॉक बाहेर पाठवते. ठरावीक प्रथिनाला चिकटणारं रसायन टाकायचं आणि तपकिरी रंग येतो का ते बघायचं. सायटोकेराटिन आलं तर अस्तराचं घराणं, एलसीए आलं तर लिंफोमा, एस१०० आणि एचएमबी४५ दोन्ही आली तर मेलानोमाकडे बोट, डेस्मिन आलं तर स्नायू. पैसे लागतात, आठवडा-दहा दिवस जातात, आणि घरच्यांना वाटतं की मॅडमना काही कळलं नाही. पण तेवढा धीर धराच. कार्सिनोमा समजून लिंफोमावर चाकू चालवण्यापेक्षा दहा दिवस थांबणं केव्हाही चांगलं.

पुढचं अगदी व्यवहाराचं. काढलेला तुकडा फॉर्मलीनमध्येच हवा, आणि फॉर्मलीन तुकड्याच्या निदान दहापट. पाण्यात, सलाइनमध्ये किंवा कोरडा आणलेला तुकडा आपल्या दमट हवेत वाटेतच सडायला लागतो, आणि सडलेल्या पेशीचं मूळ मलाच काय, कुणालाच सांगता येत नाही. मोठी गाठ चिंचोळ्या तोंडाच्या बाटलीत कोंबू नका; फॉर्मलीनने ती कडक होते आणि बाहेर निघत नाही. बाटलीवर नाव, आणि कुठल्या बाजूचा तुकडा, डावा की उजवा. फॉर्मवर वय, कुठून काढला, किती दिवसांची गाठ, आधी काही ऑपरेशन झालंय का, एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये काय आलं. हाडाच्या गाठीत तर एक्स-रे बघितल्याशिवाय मी रिपोर्टच देत नाही.

पुढच्या उपचारांना मुंबईत टाटाला, डेरवणच्या रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जाणार असाल तर नुसता कागद नेऊन भागत नाही. तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा बघतात, आणि बघायलाच हवं. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते तुमच्याच शरीराचे आहेत. एक साधा अर्ज आणि सही पुरते. घेताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून बघा. स्लाइड डबीत, ब्लॉक छोट्या पिशवीत, आणि दोन्ही हातातल्या सामानात ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवून निघू नका, मेण वितळतं.